जुन्नरला खालून यावं

पुण्याहून मोटारीने निघालेला माणूस नारायणगावला डावीकडे वळतो, अर्ध्या तासात जुन्नर ओलांडतो आणि शिवनेरीच्या पायथ्याला गाडी लावतो. किल्ला, मग लेण्याद्रीचा गणपती, वाटेत मासवडीची थाळी, संध्याकाळी परत. पावसाळ्यात यात नाणेघाटाची भर पडते. गाडीतून उतरायचं, वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा मोबाइलमध्ये घ्यायचा, भजी खायची आणि निघायचं. या सगळ्यात जुन्नर नावाचं गाव कुठे येतच नाही. ते फक्त ओलांडायचं असतं, तेही गर्दीच्या नावाने बोटं मोडत.

माझं म्हणणं असं की, गावाला वगळून इथली एकही वाट कळत नाही. या डोंगरांतले किल्ले, लेणी, टाकी, पायऱ्या हे सगळं एका बाजारपेठेच्या जिवावर उभं राहिलं. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल पैठणकडे निघाला की मध्ये सह्याद्रीची भिंत आडवी यायची. ती चढून आल्यावर पाणी, धान्य आणि मुक्कामाची सोय असलेली पहिली मोठी जागा म्हणजे कुकडीकाठचं जुन्नर. तेव्हा जुन्नर बघायचं तर मालाच्या वाटेने यावं. म्हणजे कोकणातून, खालून आणि पायी.

कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाट्याकडे जाणाऱ्या एसटीत आम्ही दोघी मैत्रिणी बसलो आणि वैशाखऱ्याच्या पुढे, नाणेघाटाच्या पाटीपाशी उतरायचं म्हटलं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"आत्ता? फाल्गुनात? ताई, पाणी नाही काय नाही. पावसाळ्यात यायचं ना."

"गर्दी नसते म्हणून आत्ता."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला आणि सुटे पैसे मागितले.

सुरुवातीला वाट सपाटीची आहे. भाताची रिकामी खाचरं, कोरडा ओढा, मग जंगल. साग, ऐन, खाली सुकलेली कारवी. पानगळ एवढी की स्वतःच्या पावलांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. मध्येच एखादा पांगारा लालभडक फुललेला आणि त्याच्यावर पक्ष्यांचा बाजार. वर पाहिलं की नानाचा अंगठा दिसतो. सरळसोट तुटलेला तो कडा इतका पुढे आलेला आहे की त्याच्या बाजूने वाट असेल यावर विश्वास बसत नाही. ती आहे, आणि चांगली रुंद आहे. वरच्या टप्प्यात दगडी पायऱ्या लागतात, झिजून मधोमध खोलगट झालेल्या. शिडीच्या वाटा चढलेल्या माणसाला हा घाट सोपा वाटेल. पण तो सोपा असावा म्हणूनच कुणीतरी खपलेलं आहे. लादलेल्या जनावराला चढता यावं हे त्याचं माप आहे, आणि माणूस त्या मापात सहज बसतो.

चढ संपायच्या थोडं आधी पाण्याची टाकी आणि लेणं येतं. बाहेरून काही खास नाही, चौकोनी तोंडाची एक मोठी खोली. आत तिन्ही भिंतींलगत दगडी बाक. उन्हातून आल्यावर आपण आधी त्या बाकावर बसतो, आणि मग डोळे सरावले की भिंती दिसू लागतात. डाव्या आणि उजव्या भिंतीवर ओळीच्या ओळी, ब्राह्मी अक्षरं, भाषा प्राकृत. सातवाहन राणी नागणिकेचा म्हणून ओळखला जाणारा हा लेख, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. सुरुवातीला देवांना वंदन आहे. धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्रसूर्य, चार दिशांचे लोकपाल. मग यज्ञांची यादी: अश्वमेध, राजसूय आणि बरेच. प्रत्येक यज्ञाची दक्षिणा नोंदलेली आहे. गाई, घोडे, हत्ती, गावं, आणि रोकड कार्षापणांत. ही दक्षिणा आकड्यांत लिहिली असल्यामुळे भारतातले फार जुने अंक इथे सापडतात. मला हे फार आवडतं. गणिताच्या इतिहासातलं हे एक मोठं पान जकातीच्या नाक्यावर, कुणी किती दिलं याच्या हिशेबात मिळालं.

समोरच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता फक्त पावलांच्या खुणा उरल्या आहेत आणि वर नावं. सिमुक सातवाहन, देवी नागणिका आणि श्री सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. मी जवळ जाऊन बघत होते. दगडात पायाचा एक उंचवटा, बाजूला दुसरा, आणि त्यावर काहीच नाही. नावं टिकली, माणसं गेली असं लिहायचा मोह होतो, पण मला तिथे वेगळंच वाटलं. राजाने स्वतःच्या कुटुंबाच्या मूर्ती राजधानीपासून इतक्या लांब, घाटाच्या तोंडाशी का बसवाव्यात? कारण येणारा-जाणारा प्रत्येक व्यापारी इथे टेकणार, हे त्याला ठाऊक होतं. आपण आजही टोलनाक्यावर पुढाऱ्यांचे फलक बघतोच.

लेण्यापासून वर एका अरुंद नाळेतून वाट पठारावर निघते. तिथे दगडी रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणून सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात. येणाऱ्याने त्यात पैसे टाकायचे आणि पुढे जायचं, असं सांगतात. माझा यावर पुरता विश्वास नाही. भिंतभर दक्षिणेचा हिशेब कोरून ठेवणारं सरकार जकात उघड्या रांजणात गोळा करील? पण रांजण देखणा आहे, आणि फोटो काढताना माझ्या मैत्रिणीच्या हातातलं केळं माकडाने रीतसर वसूल केलं, तेव्हा जकातीची परंपरा चालू आहे एवढं खरं.

रात्री घाटघरात एका घरी उतरलो. अंगणभर काळसर, सुरकुतलेली बारीक फळं पसरली होती.

"मावशी, हे काय वाळवलंय?"

"बाळहिरडा. आत गोटी धरायच्या आत तोडायचा. गोटी धरली का त्याचा भाव गेला."

"भाव किती मिळतो?"

"येपारी सांगल तो," मावशी म्हणाल्या आणि पायाने फळांची एक रांग सारखी केली. एक फळ माझ्या हातावर ठेवलं. "चावून बघ. घसा धरतो, पण पोट हलकं होतं."

तुरटपणाने जीभ आखडली. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबांचं रोख उत्पन्न बऱ्याच अंशी या फळावर आहे. भात घरच्या पोटाला, हिरडा बाजाराला. औषधाच्या कारखान्यांपर्यंत तो जातो. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातल्या हिरड्याचं अतोनात नुकसान झालं आणि भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. मावशींच्या घरामागचीही झाडं पडली होती. "घरचं माणूस पडावं तसं झालं," त्या म्हणाल्या. "हिरडा काय लगेच येतो व्हय फळाला?" डोंगरातला माल आणि गावातला भाव हे गणित या वाटेवर अजून सुटलेलं नाही, एवढं त्या अंगणात बसल्यावर कळतं.

घाटघरच्या डोक्यावर जीवधन आहे. शेजारी वानरलिंगीचा सुळका, ज्याच्यावर दोर लावून चढणारे चढतात आणि बाकीचे मान दुखेपर्यंत बघतात. जीवधनच्या पायऱ्या 1818 मध्ये इंग्रजांनी सुरुंगाने उडवल्या, त्यामुळे शेवटचा टप्पा कातळाला बिलगून जायचा आहे. वर एक उत्तम दगडी कोठार आहे, काळोखं आणि थंड. निजामशाहीचा अखेरचा बालवारस मूर्तजा याच किल्ल्यावर कैदेत होता. शहाजीराजांनी त्याला सोडवलं आणि 1633 मध्ये पेमगिरीला गादीवर बसवून त्याच्या नावाने कारभार हाकला. वरून बघितलं की किल्ल्यांची मांडणी लक्षात येते. घाटाच्या तोंडावर जीवधन, दरीच्या एका अंगाला चावंड, दुसऱ्या अंगाला हडसर, आणि शेवटी गावाच्या उशाशी शिवनेरी. हे एकेकटे किल्ले नव्हेतच. वाटेवरचे हे पहारे आहेत. एकावरून सुटलेला माणूस दुसऱ्याच्या नजरेत पडेल असे ठेवलेले.

घाटघर ते जुन्नर तीसेक किलोमीटर. पूर्ण चालायचं कुणावर बंधन नाही. आम्हीही चावंडच्या अलीकडचा डांबरी पट्टा जीपने उरकला, कारण डांबरावर उन्हात चालण्यात पुण्य नाही. चावंडच्याही पायऱ्या 1818 च्याच सुरुंगात गेल्या. आता लोखंडी कठडा आहे. वर शेजारी शेजारी खोदलेली सात टाकी आहेत. पायथ्याजवळ पूर गावात कुकडेश्वराचं जुनं कोरीव मंदिर, तिथे कुकडी उगम पावते. नदीचं पुढचं खोरं माणिकडोह धरणाने पोटात घेतलं, आणि जुनी वाटही त्याच पाण्याखाली गेली असणार. धरणाखाली ऊस आला, उसात बिबट्या आला. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. वाटाड्या म्हणाला, "ताई, उजेडात कुठंबी फिरा. दिवेलागणीनंतर उसाच्या कडेनं नको." हा सल्ला कुठल्याही नकाशापेक्षा महत्त्वाचा आहे.

आणि मग जुन्नर. चालत आलेल्या माणसाला ते खरोखर पेठ वाटतं. दोन डोंगरांच्या मधून आपण येतो, समोर शिवनेरी उगवतो, आणि त्याच्या सावलीत दाटीवाटीने गाव. भांड्यांची दुकानं, दोरखंड, घोंगड्या, बी-बियाणं, खतं, सोनार. बाजाराच्या दिवशी आदिवासी पट्ट्यातून आलेल्या बायका रानभाजी नाहीतर तांदूळ घेऊन बसतात आणि जाताना मीठ, तेल, चपला घेऊन जातात. द्राक्षांचे दिवस होते. काळ्या द्राक्षांचे घड हातगाड्यांवर इतके की उरलेला रस्ता दोन माणसांपुरता.

या रस्त्यावर कोण कोण येऊन गेलं! रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितीन पंधराव्या शतकात चौलला उतरला, विकायला एक घोडा बरोबर घेऊन जुन्नरला पोचला आणि पावसात अडकला. चार महिने सगळीकडे चिखल आणि पाणी, हे त्याने लिहून ठेवलं आहे. इथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, तर घोडा देतो म्हणाला. शेवटी एका खुरासानी माणसाने मध्यस्थी करून घोडा सोडवला. शिवनेरीवर जायला एक अरुंद वाट आहे, दोघांना एका वेळी जाता येत नाही, हेही त्याने टिपलं आहे. पुढे 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी, ज्या किल्ल्यावर स्वतःचा जन्म झाला त्याच्याच पायथ्याचं मोगलांचं जुन्नर रातोरात लुटलं. बखरकार सभासदाने तीन लाख होन आणि दोनशे घोडी अशी नोंद केली आहे. एका रात्रीत एवढं निघालं, त्यावरून पेठेची ऐपत काय असेल बघा. सतराव्या शतकातच मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर इथे आला होता. पेशवाईत जुन्नरी कागदाचं नाव होतं. हाताने कागद करणारी घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली.

मग हे सगळं थांबलं कसं? बोरघाटातून 1863 मध्ये आणि थळघाटातून 1865 मध्ये रेल्वे वर चढली. माल त्या दोन घाटांनी निघून गेला आणि मधला नाणेघाट ओस पडला. जुन्नरला रेल्वे आली नाही. गावाचं त्यात नुकसान झालं, वाटांचा मात्र फायदा झाला. आगगाडी इथून गेली असती तर त्या झिजलेल्या पायऱ्या खडी म्हणून वापरल्या गेल्या असत्या.

गावाच्या दक्षिणेला मनमोडीचा डोंगर आहे. बाजारातून निघालं की तासाभरात लेण्यांपाशी. जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत, आणि त्यातली मला सगळ्यांत बोलकी वाटतात ती इथली. भूतलिंग गटातल्या चैत्याच्या कमानीवर अर्ध्या कमळात गजलक्ष्मी कोरलेली आहे, आणि दर्शनी भाग चंद नावाच्या यवनाने दान दिला असा लेख आहे. दुसऱ्या गटात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मंडप आणि टाकं दिल्याची नोंद, वर्ष 46. इतरत्र धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचं दान. एका लेखात तर बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे पैसे गुंतवल्याचा उल्लेख. मूळ रक्कम तशीच ठेवायची आणि व्याजातून खर्च भागवायचा. जुन्नरच्या पेठेत आज पतसंस्थांच्या पाट्या वाचताना मुदतठेवीचं हे जुनं घराणं आठवतंच. लेणी म्हणजे एकांत, वैराग्य, असं आपण धरून चालतो. भिक्षू एकांतात राहत असतील, पण त्यांच्या खोल्यांचा खर्च बाजार करत होता आणि आपलं नाव लिहून घेत होता.

मनमोडीत आग्या मोहोळं असतात. कमानीखाली लोंबणारी पोळी मी हातभर अंतरावरून नाही, चांगली पन्नास पावलं लांबून बघितली. काळसर, आणि त्यावरून मधूनच एक लाट सरकते, ती माशांच्या पंखांची. अत्तर नको, बिडी-सिगरेट नको, आरडाओरडा नको. पोळं खाली असेल तर परत फिरायचं. लेणं दोन हजार वर्षं थांबलंय, आणखी एक हंगाम थांबेल.

लेण्याद्रीबद्दल थोडक्यात. पायऱ्या तीनशेच्या आसपास, गर्दी अष्टविनायकाची, गणपती एका मोठ्या विहारात. दर्शन झाल्यावर लोक उतरायला लागतात. उतरू नका. शेजारच्या चैत्यगृहात जा. ते कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, मुलगा सुलसदत्त याने दिलेलं आहे. घाटाखालच्या कल्याणच्या सोनाराचा पैसा घाट चढून इथे आला. ज्या वाटेने आम्ही आलो, बहुधा त्याच वाटेने.

तुळजा लेणी पश्चिमेला, शेताच्या बांधांवरून जायचं. तिथलं चैत्यगृह गोल आहे. मध्ये स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब. असं दुसरं फारसं बघायला मिळत नाही. इथे कुणी येत नाही. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारबाबा शेळ्या घेऊन सावलीला बसले होते. त्यांना विचारलं, "बाबा, इथं लोक येतात का बघायला?"

"येत्यात की. शेळ्या येत्यात, मी येतो. तुमी आलात."

शिवनेरी आम्ही शेवटी ठेवला. साखळीच्या वाटेने चढायचं तर सवय हवी. नसेल तर एकामागून एक सात दरवाज्यांची राजवाट उत्तम आहे. शिवाई देवी, कमानी मशीद, गंगा-जमुना टाकी, जन्मस्थान, सगळे बघतात तेच बघितलं. मग कडेलोटाच्या टोकाकडे जाऊन गाव बघत बसलो. इथून मनमोडी, तुळजेचा डोंगर, लेण्याद्री आणि मधली पेठ एका नजरेत येते, आणि पश्चिमेला हवा स्वच्छ असेल तर घाटाकडची रांग. पहिल्यांदा मोटारीने येऊन इथे उभी राहिले होते तेव्हा हे नुसतं छान दृश्य होतं. आता प्रत्येक खिंड ओळखीची होती. किल्ला शेवटी बघण्यात हाच फायदा आहे.

खाली उतरून पेठेतल्या एका खानावळीत मासवडी मागवली. मालकीणबाई आतच करत होत्या, म्हणून बघायला मिळालं. पिठल्यासारखं घट्ट शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, सुकं खोबरं, भाजलेला कांदा, लसूण यांचं सारण, मग फडक्यासकट गुंडाळून माशाच्या आकाराची वळकटी, आणि दाबून तिच्या तिरप्या वड्या. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. हायवेवरच्या हॉटेलात मिळते ती मासवडी याच नावाची असते, एवढंच साम्य.

तर जाणार असाल तर असं करा. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत कधीही, पाऊस सरल्यावर. वैशाखऱ्याच्या बाजूने सकाळी लवकर चढा, कारण वरच्या टप्प्यात सावली नाही. भरपूर पाणी बरोबर घ्या. घाटघरात एक रात्र काढा, जेवणाचे पैसे तिथेच द्या, हिरडा नाहीतर तांदूळ विकत मिळाला तर घ्या, आणि भावात घासाघीस करू नका. नागणिकेच्या लेखाला हात लावू नका. अक्षरं नीट दिसावीत म्हणून कुणी खडू फिरवत असेल तर त्याला थांबवा. जुन्नरात एक पूर्ण दिवस ठेवा, बाजाराचा मिळाला तर उत्तम. आणि शिवनेरी सगळ्यांत शेवटी चढा.